फोडातल्या पाण्यात काहीच उगवलं नाही

उचलून घेतलं की रडायची आणि गादीवर ठेवलं की गप्प व्हायची. पोरं याच्या बरोबर उलटं वागतात. त्यात आमची मनू म्हणजे कडेवरून खाली उतरायला कधी राजी नसणारी. किरकिर करते म्हणून माझ्या आईने काखेत हात घालून तिला उचललं, तेव्हा तिने असा काही टाहो फोडला की शेजारच्या काकू लाटणं हातात घेऊनच दारात आल्या. ताप अंगात होता, पण फार नाही. मान, काखा, जांघा लालसर झाल्या होत्या आणि नुसता हात जवळ नेला तरी ती अंग चोरत होती. नाकाखाली बऱ्याच दिवसांची एक पिवळट खपली होती. सर्दी झाली की पोरांना येते तसली. तिच्याकडे कोण बघतो?

मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीचं काम बघतो. मिरज हे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे लॅबना तोटा नाही. दिवसभर पू, लघवी, थुंकी, स्वॅब हेच. पण माझ्याकडे जंतू येतो तो डबीतून, नाव-नंबर लावून. तो अंगावर कसा दिसतो हे ओळखणं हे माझं काम नाही आणि मला ते येतही नाही. म्हणून घराजवळच्या डॉक्टरांकडे गेलो. एप्रिलचं ऊन, बाहेर पोरांची गर्दी. त्यांनी टॉर्च मारून बघितलं, ‘ॲलर्जी दिसतेय, घामोळंही असेल’ म्हणाले, खाजेचं सिरप आणि एक स्टेरॉइडची ट्यूब लिहून दिली. त्या दिवशी तिथे दुसरं कोणी असतं तरी बहुतेक हेच म्हणालं असतं. आजाराचा पहिला दिवस तसाच फसवा असतो, हे आता माहीत झालंय.

आईचं निदान वेगळं होतं. ‘बाई आल्यात रे, अंगावर काही लावू नका,’ म्हणत तिने कडुनिंबाचा पाला आणून गादीवर अंथरला. काकूंना नागिणीची शंका. बायको म्हणाली, ‘अहो, हिच्या ओठांच्या कडेला बघा ना, चिरा पडल्यात.’ पडल्याच होत्या, तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांतून बाहेरच्या बाजूला गेलेल्या. डोळ्यांभोवती सूज, कडांना चिपडं. चेहरा असा पडलेला की रडत नसली तरी रडून थकल्यासारखी दिसायची.

सकाळी बायकोने तिचा झबला काढला. बाही वर सरकवताना काखेतली कातडी बाहीबरोबर सरकली. उकळत्या पाण्यातून काढलेल्या टोमॅटोची साल बोटाने ढकलली की जशी सुटते, तशी. खाली ओलं, गुलाबी, चकचकीत अंग. मानेवरही मोठा, ढिला फोड होता. बोट लागलं तसा फुटला आणि पाणी बाहेर आलं. बायकोचा आवाज फुटेना. मी पांढऱ्या सुती धोतराचं पान कपाटातून काढलं, पोरीला त्यात घेतलं आणि रिक्षा बोलावली. आई पाल्याची काडी अन् काडी गादीवरून गोळा करत मागे राहिली.

कॅज्युअल्टीत ड्युटीवर एक तरुण मेडिकल ऑफिसर होते. पोरीकडे बघताच त्यांचा पहिला प्रश्न आला, ‘गरम पाणी कधी सांडलं?’

‘सांडलं नाही.’

‘चहा? दूध? अंघोळीचं पाणी?’

तेही नाही. मग त्यांनी बायकोला पडद्यापलीकडे नेऊन तेच प्रश्न पुन्हा विचारले, मला वेगळे विचारले, घरी आणखी कोण असतं ते विचारलं आणि सिस्टरना एमएलसीचं, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसेसचं, रजिस्टर काढायला सांगितलं. लहान मूल भाजून आलं आणि घरच्यांना कारण सांगता येत नाही म्हटलं की पोलीस चौकीला कळवावं लागतं. हा नियम मला ठाऊक होता. आपल्यावर येतो तेव्हा मात्र कानशिलं तापतात. मी आवाज चढवला. ते शांत राहिले, एका हाताने लिहीत होते आणि दुसऱ्या हाताने बालरोग विभागाला फोन लावत होते. खरं सांगायचं तर त्यांनी विचारलंच पाहिजे होतं. भाजलेलं म्हणून येणाऱ्या पोरांत कुणीतरी भाजवलेलीही असतात आणि ती बोलून सांगू शकत नाहीत.

बालरोगच्या मॅडम आल्या आणि त्यांच्या मागोमाग स्किनच्या. स्किनच्या मॅडम वयाने मोठ्या. त्यांनी गडबड केली नाही. मनूशेजारी स्टूल ओढून बसल्या, आधी नुसतंच बघत राहिल्या. मग त्या तरुण डॉक्टरांना म्हणाल्या, ‘पाणी सांडलं तर ओघळ कुठे जाईल? आणि पोर अंग आखडून घेतं तेव्हा काखेची, मानेची घडी मिटते. पोळतं तेव्हा घड्या वाचतात. इथे घड्यांतच सगळं आहे. दोन्ही काखा सारख्या, दोन्ही जांघा सारख्या. पाणी इतकं हिशेबाने सांडत नाही.’

त्यानंतर त्यांनी मनूच्या पाठीवरच्या, अजून चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर अंगठा टेकवला आणि हलकेच बाजूला ओढला. कातडी सुरकुतली आणि सरकली. या खुणेला निकोल्स्कीचं नाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला एका रशियन डॉक्टरने दुसऱ्याच एका फोडांच्या आजारात ती नोंदवली होती. मॅडमनी ती एकदाच करून बघितली. आणखी एक विद्यार्थी पुढे सरसावला, त्याचा हात त्यांनी धरला. ‘एकाने बघितलं, पुरे झालं. तिला दुखतंय.’

मग तोंड उघडून आत बघितलं. जीभ, गाल, टाळू सगळं स्वच्छ. ओठांच्या बाहेर चिरा, आत एकही फोड नाही. डोळ्यांची आतली बाजू साधारण. गेल्या महिन्याभरात कुठली औषधं दिली, फिटचं औषध दिलं का, सल्फाची गोळी दिली का, हे खोदून खोदून विचारलं. औषधाच्या रिॲक्शनने कातडी अशीच सुटते, तो आजार फार वाईट, त्यात माणसं दगावतात आणि त्यात तोंड, डोळे आतून सोलवटून निघतात. म्हणून त्या पुन्हा पुन्हा तोंडात टॉर्च मारत होत्या. शेवटी नाकाखालच्या खपलीशी येऊन थांबल्या.

‘हे कधीपासून?’

बायको म्हणाली, ‘सर्दी झाल्यापासून. नाकात बोट घालते हो सारखी.’

‘मग चोर इथे बसलाय,’ मॅडम म्हणाल्या. ‘स्टॅफ आहे. अंगभर पसरलंय ते त्याचं विष, तो स्वतः नाही.’ केसपेपरवर त्यांनी लिहिलं, स्टॅफिलोकोकल स्कॅल्डेड स्किन सिंड्रोम. म्हणजे स्टॅफ या जंतूच्या विषाने कातडी पोळल्यासारखी सुटण्याचा आजार. एमएलसीच्या रजिस्टरवर पेन टेकलं होतं, ते बंद झालं.

सॅम्पल घेताना मी तिथेच होतो. नाकातून एक स्वॅब, खपलीखालून एक, घशातून एक, डोळ्याच्या कडेचा एक. एक न फुटलेला फोड स्पिरिटने पुसून त्यातलं पाणी सिरिंजने ओढलं. रक्ताची कल्चर बाटली भरली, रक्तात जंतू वाढतो का ते बघायला. आपोआप सुटलेल्या सालीचा एक तुकडा काडीवर गुंडाळून हिस्टोपॅथॉलॉजीला गेला, नेमका कितवा थर सुटलाय ते बघायला. त्या रुग्णालयाची कल्चर आमच्याच लॅबला येतात, त्यामुळे हे सगळं मीच खिशाला पेन अडकवतो तितक्या सहजपणे घेऊन निघालो. लॅबमध्ये आमच्या सरांनी डबी काढून घेतली. ‘घरच्या माणसाचं सॅम्पल आपण लावायचं नसतं. तू बाजूला उभा राहा.’ मी उभा राहिलो.

फोडातल्या पाण्याची ग्रॅम स्लाइड, म्हणजे जंतू रंगवून बघायची काच, आधी केली. सरांनी बघितली, मग मला सरकवली. काचेवर काही नाही. एखाददुसरी पेशी, बाकी रिकामं मैदान. पूर्वी असली स्लाइड मी बघितली असती तर सॅम्पल नीट घेतलं नाही असं म्हणून परत पाठवलं असतं. नाकाच्या स्वॅबची स्लाइड लावली तर जांभळे गोल दाणे घोसाघोसाने, जिकडे बघावं तिकडे. ब्लड आगरच्या, म्हणजे जंतू वाढवायला रक्त घातलेल्या प्लेटांवर सॅम्पल तारेच्या लूपने ओढून त्या ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातून तडक लॅबला गेलो. नाकाची आणि खपलीची प्लेट पिवळसर सोनेरी, गोल, तुकतुकीत वसाहतींनी भरलेली. प्रत्येकीभोवती रक्त विरघळून पारदर्शक झालेलं वर्तुळ. एक वसाहत काचेवर घेऊन त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला की फसफसतं. प्लाझ्मात घालून ठेवली की काही तासांत प्लाझ्मा गोठतो आणि नळी तिरकी केली तरी हलत नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस म्हणजे हाच, यात शंका उरली नाही. फोडाच्या पाण्याची प्लेट त्याच इनक्युबेटरमध्ये, त्याच रात्री, त्याच कप्प्यात होती. कोरी. तिसऱ्या दिवशीही कोरी. रक्तातही काही उगवलं नाही.

या कोऱ्या प्लेटने मला जितकं शिकवलं तितकं भरलेल्या प्लेटांनी आजवर शिकवलं नव्हतं. आमच्या धंद्याचा पाया असा की जिथे जखम तिथे जंतू. इथे जखम अंगभर आणि जंतू नाकाच्या टोकाशी. तो तिथे बसून एक प्रथिन सोडतो, ते रक्तात उतरतं, रक्ताबरोबर सगळ्या कातडीला पोचतं आणि काम करतं.

त्या रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून हे काम म्हणजे नेमकं काय, ते वाचत बसलो. आपल्या कातडीच्या पेशी एकमेकींना रिव्हेटनं जोडाव्यात तशा जोडलेल्या असतात, असं पाठ्यपुस्तकं म्हणतात. त्या जोडामध्ये डेस्मोग्लीन नावाची प्रथिनं असतात. स्टॅफचं एक्सफोलिएटिव्ह विष हे मुळात एक कात्री-एन्झाइम आहे. आपल्या आतड्यात प्रथिनं तोडणारी जी एन्झाइमं असतात त्यांच्याच कुळातलं, पण भलतंच निवडक. ते डेस्मोग्लीन १ तेवढं ओळखतं आणि त्याच्या बाहेरच्या भागांपैकी तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये, एकाच ठिकाणी तोडतं. बाकी कशाला हात लावत नाही. पेशी मरत नाहीत, नुसत्या एकमेकींचा हात सोडतात.

हे १ नंबरचं डेस्मोग्लीन कातडीच्या वरच्या थरांत एकटंच भार पेलतं. खालच्या थरांत आणि तोंडाच्या आत ३ नंबरचं भरपूर असतं. १ तुटलं तरी ३ सांभाळून घेतं. मॅडम तोंडात टॉर्च का मारत होत्या ते इथे कळलं. व्रण का राहत नाही तेही कळलं. फाटतं ते फक्त अगदी वरचं पातळ पदर, नवी कातडी बनवणारा खालचा थर शाबूत असतो. हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट असाच आला. सालीत फक्त वरचा थर, मेलेल्या पेशींचा खच नाही. औषधाच्या रिॲक्शनमध्ये कातडीचा बाहेरचा थर, एपिडर्मिस, पूर्ण जाडीने मरून सुटतो. तो रिपोर्ट हातात पडेपर्यंत मी मॅडमच्या बोलण्यावर भरवसा ठेवून होतो, पण झोप नव्हती.

या विषाची चाल सापडायला सव्वाशे वर्षं लागली. १८७८ मध्ये प्रागच्या अनाथ अर्भकालयातल्या रिटर फॉन रिटरशाइन यांनी अशा २९७ बाळांची नोंद प्रसिद्ध केली. म्हणून तान्ह्या बाळांतल्या आजाराला अजून रिटरचा आजार म्हणतात. तेव्हा कारण माहीत नव्हतं. १९७० मध्ये अमेरिकेत मॅरियन मेलिश आणि लोवेल ग्लासगो यांनी अशा रुग्णांकडून मिळालेला स्टॅफ उंदराच्या नवजात पिल्लांना टोचला आणि पिल्लांची कातडी तशीच सुटली. विषाचा संशय पक्का झाला. पण विष तोडतं काय? त्याचं उत्तर २००० मध्ये मिळालं, जपानचे मासायुकी अमागाई आणि अमेरिकेचे जॉन स्टॅनली यांच्याकडून. हे दोघे पेम्फिगस या फोडांच्या आजारावर काम करणारे. पेम्फिगसच्या एका प्रकारात शरीर स्वतःच डेस्मोग्लीन १ विरुद्ध अँटिबॉडी बनवतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही आजारांत कातडी अगदी त्याच पातळीवर सुटलेली दिसते. एकच कुलूप, दोन चोर, असा त्यांनी तर्क केला आणि तो बरोबर निघाला. निकोल्स्कीने जी खूण पेम्फिगसमध्ये बघितली तीच आमच्या मनूच्या पाठीवर उमटली होती, ती याच कारणाने. शंभर वर्षांपूर्वी एका माणसाच्या अंगठ्याला जे लागलं ते शेवटी रेणूंमध्ये जाऊन जुळलं, हे मला फार आवडलं. बाकावर बसल्या बसल्या बायकोला सांगायला गेलो तर ती म्हणाली, ‘तिला ताप किती आहे ते बघून या आधी.’

लहान मुलांनाच का, याचं उत्तर दोन गोष्टींत आहे. विष बाहेर टाकतात मूत्रपिंडं आणि लहान मुलांची मूत्रपिंडं त्यात कमी पडतात. दुसरं, वयाबरोबर बहुतेकांच्या रक्तात या विषाविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात, पोरांत त्या अजून नसतात. म्हणून हा आजार बहुतेक पाच-सहा वर्षांखालचा. मोठ्यांत क्वचित होतो, ज्यांची मूत्रपिंडं निकामी झालीत किंवा प्रतिकारशक्ती खालावली आहे अशांना, आणि त्यांच्यात तो फार जीवघेणा ठरतो. मुलं वेळेवर उपचार मिळाले तर बहुतांशी सुखरूप बाहेर पडतात.

उपचार ऐकायला साधे. सलाईनमधून क्लॉक्सासिलिन, जंतू मारायला. त्याच्या जोडीला क्लिंडामायसिन, कारण ते जंतूचा प्रथिनं बनवण्याचा कारखानाच बंद करतं आणि विषही प्रथिनच आहे. स्टेरॉइडची ट्यूब बंद. तापाला, दुखण्याला पॅरासिटामॉल. ब्रुफेन द्यायचं नाही म्हणून सिस्टरांनी फाइलवर लाल पेनाने लिहून ठेवलं होतं, मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो. क्लिंडामायसिन सुरू करताना मॅडमनी आमच्या सरांना फोन करून डी-टेस्ट मागवली. ही चाचणी मला नेहमीच देखणी वाटते. प्लेटवर जंतू पसरायचा, त्यावर एरिथ्रोमायसिनची आणि क्लिंडामायसिनची चकती जवळ जवळ ठेवायची. दुसऱ्या दिवशी क्लिंडामायसिनभोवतीचं मोकळं वर्तुळ एरिथ्रोमायसिनच्या बाजूने चपटं झालं, इंग्रजी डी अक्षरासारखं दिसलं, तर समजायचं की जंतूने हत्यार लपवून ठेवलंय आणि औषध आज चाललं तरी उद्या दगा देईल. आमच्या प्लेटवर वर्तुळ गोल होतं. सेफॉक्सिटिन या दुसऱ्या औषधाच्या चकतीभोवतीचा झोन, म्हणजे तसंच मोकळं वर्तुळ, २७ मिलिमीटर भरला. २२ च्या खाली असता तर एमआरएसए, म्हणजे क्लॉक्सासिलिनसारख्या औषधांना न जुमानणारा स्टॅफ, धरून सगळी औषधं बदलावी लागली असती. पट्टीने मी तो झोन दुसऱ्यांदा मोजला. सरांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

औषधं सोपी, सेवा अवघड. पोरीच्या अंगाला काहीही चिकटवायचं नाही, हा वॉर्डातला पहिला नियम. सलाईनची सुई चिकटपट्टीने लावली तर पट्टी काढताना कातडी निघणार, म्हणून ती मऊ बँडेज गुंडाळून पक्की केलेली. मनगटावरचा नावाचा पट्टा नाही, तो पलंगाला. बीपीचा पट्टा गॉझवरून. सोललेल्या जागी पॅराफिन गॉझ, बाकी अंगाला पांढरं पॅराफिन दिवसातून अनेक वेळा. फोडायचं, सोलायचं, ओढायचं काही नाही. सुटलेली साल अंगावरच झाकणासारखी राहू द्यायची. उचलायचं तर काखेत हात घालून नाही, चादरीसकट. आईला हे जमायला वेळ लागला. साठ वर्षांत पोर उचलण्याची एकच तऱ्हा हाताला माहीत.

दुसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, ‘केळीची पानं आणता येतील का? मोठी, न फाटलेली.’ मला वाटलं आईनेच काही सांगितलं असेल. पण नाही, स्किनच्या वॉर्डांत हे नेहमीचं आहे. पानाला नैसर्गिक मेणाचा गुळगुळीतपणा असतो, थंड राहतं, ओल्या कातडीला चिकटत नाही, महाग पडत नाही. मुंबईत सायनच्या रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाच्या ड्रेसिंगचा पद्धतशीर अभ्यास करून २००३ मध्ये तो प्रसिद्ध केला होता. त्याआधी डॉ. केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग करून बघितलं होतं. मिरज मार्केटमधून पानं आणली, मधली जाड शीर काढून धुऊन दिली. वॉर्डाने ती निर्जंतुक करून मनूखाली अंथरली. कडुनिंब काढायला लावला आणि केळ चालते, हे आईला पटेना. ‘पानं ती पानंच की,’ म्हणाली. सिस्टरांनी तिला मनूची पाठ दाखवली. चादरीवर होती तेव्हा कुशीवर वळवताना कातडी कापडाला धरायची, पानावरून ती नुसती घसरत होती. आईने मग पानं बदलायचं काम स्वतःकडे घेतलं आणि कुणाला करू दिलं नाही.

पाण्याचा हिशेब हा दुसरा मोठा भाग. कातडीचं झाकण गेलं की अंगातलं पाणी नुसतं उडून जातं आणि अंग थंडही पडतं. म्हणून उन्हाळ्यातसुद्धा पंखा तिच्या अंगावर नाही. डायपर तागडीवर तोलून लघवी किती झाली ते लिहायचं, रक्तातलं सोडियम रोज बघायचं. तोंड उघडलं की ओठांच्या चिरा ताणायच्या, म्हणून ती खायला मागायची आणि घास बघून तोंड फिरवायची. बायको थंड केलेली तांदळाची पेज ड्रॉपरने गालाच्या आत सोडायची. एक वाटी पेज संपायला किती वेळ लागायचा ते विचारू नका. ‘बाबा, लोणचं,’ असं मनू एकदा म्हणाली. त्या तोंडाला लोणचं! पण भूक लागली म्हणून मॅडम खूश झाल्या.

औषधं लागू पडली तसं नवे फोड येणं थांबलं. लाली ओसरली. मग सगळं अंग कोरडं होऊन बारीक पापुद्रे निघू लागले. सर्वांत शेवटी तळहात-तळपाय. खाली नवी कातडी, जरा फिकट. मॅडम म्हणाल्या, रंगाचे ठिपके काही आठवडे दिसतील, ऊन लागू देऊ नका, खोबरेल लावलं तरी चालेल. व्रण राहणार नाहीत असं त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, आणि आज शोधायचं म्हटलं तरी तिच्या अंगावर कुठे काही सापडत नाही.

आता जो भाग घरात सर्वांत अवघड गेला तो सांगतो. जंतू आला कुठून? स्टॅफ ऑरियस साधारण तीनपैकी एका निरोगी माणसाच्या नाकात राहतो, काही त्रास देत नाही. विष बनवणारे त्यातले थोडे. डॉक्टरांनी घरच्यांचे स्वॅब मागितले नव्हते, माझीच खाज. सगळ्यांच्या नाकाला स्वॅब लावला. बायकोचा कोरा. आईचा भरून आला. हे कळल्यावर आईने मनूजवळ जाणं सोडलं. पदर नाकाला लावून दारातून बघायची. ‘माझ्यामुळं झालं का रे तिला?’ मी तिला लॅबमध्ये नेलं आणि दुसरी प्लेट दाखवली. माझी. तीही तशीच सोनेरी. ‘माझ्याही नाकात आहे. कुणाचा कुणाला गेला, तिचाच आपल्याला आला की काय, हे या प्लेटवरून सांगता येत नाही.’ ते खरंच होतं. तिघांच्या जंतूंवर औषधांचे झोन सारखे होते, पण तसे असंख्य जंतूंचे असतात. विषाची जनुकं तपासायला पीसीआर लागतो, आमच्यासारख्या लॅबमध्ये तो होत नाही आणि उपचारात त्याने फरकही पडत नाही. दोघांच्या नाकात म्युपिरोसिनचं मलम काही दिवस घातलं, टॉवेल वेगळे केले, सगळ्यांची नखं कापली. आई पुन्हा तिला जवळ घेऊ लागली, पण अजून मनूच्या गालाचा मुका घेण्याआधी हात धुते. हात धुण्याने मुक्याचं काय होतं, हे मी विचारत नाही.

बालवाडीत परत घालायची वेळ आली तेव्हा बाईंनी दाखला मागितला. त्यांचं चुकलं नाही, रंगाच्या ठिपक्यांवरून इतर आया विचारणारच. मॅडमनी लेटरहेडवर आजाराचं लांबलचक नाव लिहिलं आणि खाली ‘आता संसर्ग नाही’. बाई म्हणाल्या, ‘दुसऱ्या पोरांना झालं तर?’ मी त्यांना सांगितलं की फोड लागत नाहीत, फोडात जंतूच नसतो. लागते ती नाकाखालची खपली. पुढच्या वेळी कुणाच्या नाकाखाली पिवळी खपली दिसली तर ते पोर आधी डॉक्टरांकडे पाठवा आणि सगळ्यांची नाकं एकाच रुमालाने पुसू नका. बाईंनी खुर्चीच्या पाठीवरचा तो रुमाल उचलून पर्समध्ये टाकला. पुढच्या सोमवारी भिंतीवर ओळीने खिळे ठोकलेले होते, प्रत्येकाखाली एकेका पोराचं नाव, आणि मनूला तिचा रुमाल ससा काढलेलाच हवा होता.